नकाराची किंमत कोण मोजतो? फ्लर्टिंग आणि लैंगिक छळ यांमधली रेषा

२०२५ च्या फेब्रुवारी आणि मार्च महिन्यांत मुंबईतल्या दोन न्यायालयांनी दोन निकाल दिले. दोन्ही प्रकरणांत एका पुरुषाने एका स्त्रीच्या दिसण्याविषयी काढलेले उद्गार हाच वादाचा विषय होता. पहिले प्रकरण दिंडोशीच्या सत्र न्यायालयापुढे होते. एका माणसाने एका माजी नगरसेविकेला रात्री अकराच्या पुढे व्हॉट्सॲपवर संदेश पाठवले होते. तुम्ही सडपातळ आहात, स्मार्ट दिसता, गोऱ्या आहात, तुमचे लग्न झाले आहे का, तुम्ही मला आवडता, असा त्यांचा आशय होता. दोघांची ओळखही नव्हती. कनिष्ठ न्यायालयाने त्याला तीन महिन्यांची शिक्षा सुनावली होती आणि सत्र न्यायालयाने त्याचे दोषी ठरणे कायम ठेवले.

दुसरे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले होते. जून २०२२ मध्ये एका खासगी बँकेच्या प्रशिक्षण सत्रात एक महिला कर्मचारी आपले लांब केस वारंवार सावरत होती. ते पाहून एका अधिकाऱ्याने केस आवरायला जेसीबी लागत असेल अशी कोटी केली आणि केसांवरच्या एका जुन्या हिंदी गाण्याच्या ओळी म्हटल्या. लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या बँकेच्या अंतर्गत समितीने त्याला दोषी धरले आणि पुण्याच्या औद्योगिक न्यायालयातही त्याला दिलासा मिळाला नाही. उच्च न्यायालयाने मात्र हे निष्कर्ष रद्द केले. हा आरोप जसाच्या तसा खरा मानला तरी त्यातून लैंगिक छळ झाला असे म्हणणे अवघड आहे, असे न्यायालयाचे मत पडले. तो प्रसंग घडला तेव्हा तक्रारदार महिलेलाही तो छळ वाटला नव्हता, ही बाबही न्यायालयाने लक्षात घेतली.

नुसते शब्द तोलले तर हे दोन निकाल उलटसुलट वाटतील. ‘तुम्ही स्मार्ट दिसता’ हे वाक्य सभ्य आहे आणि जेसीबीची कोटी त्या मानाने खडबडीत आहे. तरीही सभ्य वाक्य लिहिणारा दोषी ठरला आणि खडबडीत कोटी करणारा सुटला. याचा अर्थ न्यायालये लहरीने वागतात असा मुळीच नाही. अनोळखी माणसाने मध्यरात्रीच्या सुमारास एकटीला गाठून, लग्न झाले आहे का हे विचारत केलेली स्तुती आणि दिवसाउजेडी सगळ्यांसमोर झालेली एक कोटी या दोन्हींत शब्दांभोवतीची परिस्थिती वेगळी होती. सत्र न्यायालयाच्या एका मुद्द्याशी मात्र मला सहमत होता येत नाही. कोणतीही प्रतिष्ठित विवाहित स्त्री आणि तिचा पती असे संदेश सहन करणार नाहीत, या अंगाने न्यायालयाने विचार मांडला. ती स्त्री अविवाहित असती, नगरसेविका नसती, एखाद्या दुकानात काम करणारी मुलगी असती, तरी ते संदेश तितकेच नकोसे ठरायला हवे होते.

‘नकोसे’ हाच या संपूर्ण विषयाचा गाभा आहे. भारतात त्याला कायद्याचे रूप मिळाले ते १३ ऑगस्ट १९९७ रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या विशाखा निकालाने. १९९२ मध्ये राजस्थानातल्या भटेरी गावात शासनाच्या ‘साथिन’, म्हणजे गावपातळीवरच्या महिला कार्यकर्त्या, म्हणून काम करणाऱ्या भंवरीदेवी यांनी बालविवाह रोखण्याचा प्रयत्न केला आणि त्याचा सूड म्हणून त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. काम करताना स्त्रीवर असा प्रसंग ओढवू नये यासाठी कोणताच कायदा नाही, हे महिला संघटनांनी सर्वोच्च न्यायालयाच्या निदर्शनास आणून दिले. सरन्यायाधीश जे. एस. वर्मा, न्यायमूर्ती सुजाता मनोहर आणि न्यायमूर्ती बी. एन. किरपाल यांच्या खंडपीठाने कायदा होईपर्यंत पाळायची मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. सुजाता मनोहर या मुंबई उच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला न्यायाधीश आणि पुढे तिथल्या पहिल्या महिला मुख्य न्यायमूर्ती होत्या. प्रत्यक्ष कायदा यायला आणखी सोळा वर्षे लागली. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणारा आणि आज आपण ज्याला ‘पॉश कायदा’ म्हणतो तो कायदा ९ डिसेंबर २०१३ पासून लागू झाला.

या कायद्याने पाच प्रकारचे नकोसे वर्तन लैंगिक छळात धरले आहे. शारीरिक स्पर्श किंवा लगट, शरीरसुखाची मागणी किंवा विनंती, लैंगिक आशयाचे शेरे, अश्लील चित्रे वा चित्रफिती दाखवणे, आणि याखेरीज लैंगिक स्वरूपाचे इतर कोणतेही शारीरिक, शाब्दिक वा हावभावांतून होणारे वर्तन. हे वर्तन थेट असो वा सूचक, दोन्ही त्यात येते. इथे दोन गोष्टी नीट पाहायला हव्यात. एक म्हणजे वर्तनाला लैंगिक छटा हवी. वरिष्ठाने कामात झालेल्या चुकीबद्दल खडसावले तर ते उद्धट असेल, पण लैंगिक छळ होणार नाही. दुसरे म्हणजे ते समोरच्या व्यक्तीला नकोसे हवे. दोन सहकारी एकमेकांना आवडत असतील, चहाला बरोबर जात असतील, एकमेकांची थट्टा करत असतील, तर कायद्याला त्यात पडण्याचे कारण नाही.

नकोसे आहे की नाही हे कोणाच्या नजरेतून ठरवायचे, असा प्रश्न पुढे येतोच. ‘माझ्या मनात तसे काही नव्हते’ हा बचाव प्रत्येक समितीपुढे येतो आणि पुष्कळदा तो प्रामाणिकही असतो. पण मोजमापाची सुरुवात ज्याच्यावर ते वर्तन येऊन आदळले त्याच्या अनुभवापासून होते. त्याचबरोबर त्या परिस्थितीत समंजस माणसाला ते कसे वाटले असते, हेही पाहिले जाते. उच्च न्यायालयाने केसांच्या प्रकरणात हेच केले. म्हणजे ‘मला वाईट वाटले’ एवढ्यावर निकाल लागत नाही आणि ‘माझा हेतू चांगला होता’ एवढ्यावर सुटकाही होत नाही.

आता फ्लर्टिंगकडे वळू. त्याकडे गुन्ह्याच्या पायरीवरची गोष्ट म्हणून पाहणे अन्यायाचे आहे. माणसे एकमेकांना आवडतात, ती आवड अंदाज घेत व्यक्त करतात, थोडे पुढे जातात, थोडे थांबतात. एकाने टाकलेला शब्द दुसऱ्याने झेलला आणि वर आपला एक टाकून परत पाठवला, तर खेळ पुढे सरकतो. या खेळात शब्द मुद्दाम संदिग्ध ठेवले जातात, कारण त्या संदिग्धतेमुळे दोघांनाही मानहानी न होता मागे फिरता येते. फ्लर्टिंग सुखाचे वाटते ते या मागे फिरण्याच्या सोयीमुळेच. ती सोय एकाच बाजूला उरली आणि दुसऱ्याला मागे फिरायला जागा राहिली नाही, की त्याच शब्दांचा अर्थ बदलतो.

आपल्याकडे नकार क्वचितच ‘नाही’ या शब्दात दिला जातो. मुलींना लहानपणापासून तुटक बोलू नकोस, समोरच्याला दुखवू नकोस असे शिकवलेले असते. त्यामुळे नकार ‘बघू’ होऊन येतो, ‘आज आई वाट बघतेय’ होऊन येतो, ‘आम्ही मैत्रिणी सगळ्याच येतो’ होऊन येतो. जिला कालपर्यंत नावाने हाक मारायला सांगितले होते ती आज अचानक ‘दादा’ म्हणू लागते. ‘जेवलीस का?’ या रात्री साडेअकराच्या संदेशाला दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता ‘हो’ एवढेच उत्तर येते. बोलताना ती हसते, कारण ऑफिसात किंवा अभ्यासिकेत तमाशा नको असतो. मराठी बोलणाऱ्या समाजात वाढलेल्या कोणालाही ही भाषा कळत नाही, असे मला वाटत नाही. उधारी मागणाऱ्याला आपण हेच ‘बघू’ म्हणतो आणि त्याचा अर्थ त्याला लगेच कळतो. आकर्षणाच्या बाबतीतच तो कळेनासा होतो, कारण पाठपुरावा केला की मुलगी शेवटी हो म्हणते, हे सिनेमाने आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या दाखवले आहे.

याहून अवघड गोष्ट मौनाची आहे. ती काहीच बोलली नाही, उठून गेली नाही, उलट संदेशांना उत्तरे देत राहिली, मग ते नकोसे कसे म्हणायचे? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात महाराष्ट्रातल्या एका प्रकरणाचा मोठा वाटा आहे. १९७२ मध्ये विदर्भातल्या देसाईगंज येथील पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर पोलिसांनी केलेल्या बलात्काराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली आरोपींना निर्दोष सोडले. तिच्या अंगावर जखमा नव्हत्या आणि तिने प्रतिकार केल्याचे दिसत नव्हते, याला न्यायालयाने महत्त्व दिले. १९७९ मध्ये वसुधा धागमवार, उपेंद्र बक्षी, लतिका सरकार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. संमती आणि शरणागती या वेगळ्या गोष्टी आहेत, पोलीस ठाण्यात एकट्या पडलेल्या मुलीचे गप्प राहणे ही संमती कशी धरता, असा त्यांचा सवाल होता. त्या पत्रानंतर देशभर आंदोलन उभे राहिले आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. तो गुन्हा अर्थातच कितीतरी गंभीर होता आणि त्याची ऑफिसातल्या थट्टेशी बरोबरी करता येणार नाही. पण जिथे एका बाजूला सत्ता आहे तिथे दुसऱ्या बाजूच्या गप्प राहण्यातून होकार वाचायचा नसतो, हे त्या वादातून जे स्पष्ट झाले ते खालच्या प्रत्येक पायरीला लागू पडते.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये मिशेल विन्सन या बँक कर्मचारी महिलेच्या प्रकरणात हाच विचार कामाच्या ठिकाणी आणला. तिने वरिष्ठाशी संबंध ठेवताना तिच्यावर शारीरिक बळजबरी झाली नव्हती, असे जरी म्हटले, तरी त्याची मागणी तिला हवीशी होती का, हा खरा प्रश्न आहे, असे त्या न्यायालयाने सांगितले. नोकरी टिकवण्यासाठी एखादी व्यक्ती नको असलेल्या गोष्टीला हो म्हणू शकते.

म्हणून या विषयात कोण काय बोलले यापेक्षा कोणाच्या हातात काय आहे, हे आधी पाहावे असे मला वाटते. पीएचडी करणाऱ्या विद्यार्थिनीला तिच्या मार्गदर्शकाने ‘आज साडीत छान दिसतेस’ म्हणणे आणि तेच वाक्य तिच्या वर्गमित्राने म्हणणे यांत अक्षराचाही फरक नाही. पण वर्गमित्राला ती ‘पुरे झाले’ म्हणू शकते. मार्गदर्शकाला तसे म्हणण्याआधी तिला आपला प्रबंध, शिष्यवृत्ती, पुढच्या नोकरीसाठी लागणारे शिफारसपत्र हे सगळे डोळ्यांसमोर आणावे लागते. ऊसतोडीच्या टोळीत मुकादमाने उचल दिलेली असते, घरकाम करणाऱ्या बाईचा महिन्याचा पगार घरमालकाच्या हातात असतो, नव्या अभिनेत्रीची भूमिका निर्मात्याच्या मर्जीवर असते. इथे नकाराची किंमत एकाच व्यक्तीला मोजावी लागते. कायद्यानेही हे ओळखले आहे. नोकरीत झुकते माप देण्याचे आश्वासन, नुकसान करण्याची धमकी, नोकरीच्या भवितव्याबद्दलची धमकी, कामात अडथळा आणणारे किंवा भीतीचे वातावरण, आणि आरोग्य वा सुरक्षितता धोक्यात आणणारी मानहानी, यांपैकी काही लैंगिक वर्तनाशी जोडलेले असले तर तोही छळ ठरतो, आणि आश्वासन किंवा धमकी उघड शब्दांत दिलेली असायलाच हवी असे नाही. ज्याच्या हाती सत्ता आहे त्याने पहिले पाऊल टाकूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याच्या ‘सहज’ बोलण्यातला सहजपणा समोरच्याला परवडणारा नसतो.

सत्तेचे पारडे समान असेल तेव्हा कसोटी पुढे सरकते. नकार मिळाल्यावर पहिली व्यक्ती काय करते, हे मग महत्त्वाचे ठरते. एकदा ‘कॉफीला येशील का?’ असे विचारणे हा कोणत्याही अर्थाने छळ नाही. उत्तर ‘नाही’ असे आले, विषय संपला, दुसऱ्या दिवशी कामाचे बोलणे पूर्वीसारखेच सुरू राहिले, तर ते दोघेही सुसंस्कृत आहेत. पण नकारानंतर तेच आमंत्रण मित्रांकरवी येऊ लागले, ती कोणत्या लोकलने जाते याची चौकशी झाली, ब्लॉक केल्यावर दुसऱ्या क्रमांकावरून संदेश आले, तर गोष्ट फौजदारी कायद्याच्या हद्दीत जाते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ नुसार, स्त्रीने स्पष्टपणे नापसंती दाखवल्यानंतरही तिचा वारंवार पाठलाग करणे, संपर्क साधणे किंवा तसा प्रयत्न करणे हा गुन्हा आहे. तिच्या इंटरनेटवरच्या वावरावर पाळत ठेवणेही त्यातच येते. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. रुसून कामात अडवणूक करणे, बैठकीतून वगळणे, ‘तिला फार गर्व आहे’ अशी कुजबुज पसरवणे हे प्रकार पोलिसांपर्यंत जात नसले, तरी अंतर्गत समितीच्या कक्षेत नक्की येतात.

दोन कायद्यांचे उंबरठे वेगळे आहेत, हे यावरून ध्यानात यावे. पाठलागाच्या कलमात नापसंती स्पष्टपणे दाखवलेली असावी लागते. पॉश कायद्यात वर्तन नकोसे असणे पुरते, आणि नकोसेपणा ‘बघू’तूनही व्यक्त होऊ शकतो. संहितेच्या कलम ७५ मध्ये लैंगिक छळ हा स्वतंत्र गुन्हा आहे. त्यात नकोसा आणि उघड लैंगिक हेतूचा स्पर्श, शरीरसुखाची मागणी किंवा इच्छेविरुद्ध अश्लील साहित्य दाखवणे यासाठी तीन वर्षांपर्यंत आणि लैंगिक शेऱ्यांसाठी एक वर्षापर्यंत शिक्षा आहे. फौजदारी खटल्यात संशयाचा फायदा आरोपीला मिळतो, त्यामुळे तिथे तो सुटला म्हणजे त्याचे वागणे योग्य होते, असा अर्थ कोणी काढू नये. समोरची व्यक्ती अठरा वर्षांखालची असेल तर हा सगळा विचारच लागू होत नाही. प्रौढ माणसाने शाळकरी मुलीशी वा मुलाशी केलेली सलगी फ्लर्टिंग नव्हे, आणि त्यासाठी पोक्सो कायदा आहे.

एकाच प्रसंगाने छळ होऊ शकतो का? होय, होऊ शकतो. जुलै १९८८ मध्ये चंडीगडमधल्या एका मेजवानीत पंजाबचे तत्कालीन पोलीस महासंचालक के. पी. एस. गिल यांनी आयएएस अधिकारी रूपन देओल बजाज यांच्या पार्श्वभागावर चापटी मारली. उच्च न्यायालयाने तक्रार क्षुल्लक म्हणून रद्द केली होती, पण १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा उभी केली आणि पुढच्या वर्षी गिल दोषी ठरले. एक स्पर्श, एक संध्याकाळ, आणि समोर स्वतः उच्चपदस्थ असलेली स्त्री; तरीही तिला वर्षानुवर्षे लढावे लागले. उलट, प्रत्यक्ष स्पर्श झालाच नाही म्हणून छळ झाला नाही, असेही म्हणता येत नाही. एका संस्थेच्या अध्यक्षांच्या सचिवाने, म्हणजे एका वरिष्ठाने, महिला कर्मचाऱ्याशी लगट करण्याचा वारंवार प्रयत्न केल्याच्या प्रकरणात त्याची बडतर्फी सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये कायम केली, ती याच तत्त्वावर.

‘मग आता ऑफिसात बोलायचेच नाही का?’ असे अनेक पुरुष विचारतात. त्यांच्यातल्या ज्यांना खरोखर भीती वाटते त्यांना मी एवढेच सांगेन, की स्तुती कामाबद्दल, कपड्याच्या रंगाबद्दल किंवा आवाजाबद्दल असली आणि ती सगळ्यांसमोर म्हणता येण्याजोगी असली, तर तिचा बहुधा कोणालाही त्रास होत नाही. अडचण सुरू होते ती स्तुती शरीराच्या अवयवांकडे वळली की, बंद दाराआड किंवा रात्री उशिरा आली की, आणि उत्तराची वाट न पाहता पुन्हा पुन्हा आली की. एखादीने किंवा एखाद्याने ‘मला हे आवडत नाही’ असे सांगितले, तर स्पष्टीकरण देत बसू नये. ‘माझे चुकले, पुन्हा होणार नाही’ असे म्हणावे आणि खरोखर थांबावे. पुष्कळ तक्रारी पहिल्या प्रसंगामुळे होत नाहीत, तर त्यानंतरच्या ‘अगं, मी गंमत करत होतो, तू फार मनाला लावून घेतेस’ या उत्तरामुळे होतात.

पुरुषांचाही छळ होतो आणि समलिंगी व्यक्तींचाही होतो. पॉश कायद्यात तक्रारदार स्त्रीच असू शकते, मात्र जिच्याविरुद्ध तक्रार आहे ती व्यक्तीही स्त्री असू शकते, असा निर्णय कलकत्ता उच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिला. उच्च शिक्षण संस्थांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ मध्ये केलेले नियम पुरुष विद्यार्थी आणि तृतीयपंथी यांच्यावरील छळाचीही दखल घेतात. इतर ठिकाणी पुरुषांसाठी असे निवारण नाही, ही उणीव आहे.

खोट्या तक्रारींविषयी बोलणे टाळू नये. जाणूनबुजून खोटी तक्रार केल्याचे सिद्ध झाले तर तक्रारदारावर कारवाईची तरतूद कायद्यात आहे, पण आरोप सिद्ध करता आला नाही एवढ्यावरून तक्रार खोटी ठरत नाही, हेही त्यातच लिहिले आहे. ज्याच्यावर आरोप आहे त्याला आपली बाजू मांडण्याची पुरेशी संधी मिळालीच पाहिजे. गोवा विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाच्या बडतर्फीच्या प्रकरणात समितीने चौकशी घाईने उरकली म्हणून सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये ती कारवाई रद्द केली आणि चौकशी पुन्हा रीतसर करण्यास सांगितले. त्याच निकालात देशभरातल्या सरकारी कार्यालयांत, विद्यापीठांत आणि व्यावसायिक संस्थांत समित्या खरोखर स्थापन झाल्या आहेत की नाहीत हे तपासण्याचे आदेशही दिले. घाईने उरकलेली चौकशी दोघांवरही अन्याय करते, कारण खऱ्या तक्रारीलाही तिथून पुन्हा सुरुवात करावी लागते.

दहा किंवा अधिक माणसे काम करतात त्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. तिची अध्यक्ष वरिष्ठ महिला असावी लागते, निम्म्या तरी सदस्य महिला हव्यात आणि एक सदस्य बाहेरचा हवा. तक्रार शेवटच्या प्रसंगापासून तीन महिन्यांत लेखी द्यायची असते. सबळ कारण असेल तर आणखी तीन महिने मिळू शकतात. चौकशी नव्वद दिवसांत संपवायची असते आणि दरम्यान तक्रारदाराला बदली किंवा रजा मागता येते. तक्रारदाराची इच्छा असेल तर समझोता होऊ शकतो, पण पैशांच्या मोबदल्यात नाही. जिथे दहापेक्षा कमी माणसे आहेत, किंवा तक्रार मालकाविरुद्धच आहे, तिथे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. दुसऱ्याच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईसाठी ते घर हे कायद्याने कामाचे ठिकाण आहे आणि तिची तक्रारही हीच समिती ऐकते. लिहिता येत नसेल तर तक्रार लिहून घेण्यात मदत करणे हे समितीचेच काम आहे.